भिंत आपली, रंग गल्लीचा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. अनेक सभासदांनी मागितल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी भाऊ म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर चित्रकला शिकवली. पंधरा मिनिटं रंगावर बोला." मी हो म्हटलं. पण त्यांच्या मनात काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पुढच्या रविवारी आपली सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर विषय आहे, 'रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व घरांना बाहेरून एकसारखा रंग देणे'. ठेकेदाराने कॉम्प्युटरवर तयार केलेले चित्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले आहे. भिंती गडद राखाडी, छज्जे आणि खिडक्यांच्या पट्ट्या केशरी. चित्र छान आहे, त्यात वाद नाही. वाद ग्रुपवर झाला. कोणी म्हणाले, पुण्या-नाशिकच्या बंगल्यांसारखे दिसेल. कोणी म्हणाले, माझे घर, माझा रंग, सोसायटी कोण सांगणारी? दोन शेजाऱ्यांचे तर सकाळचे बोलणेही बंद झाले आहे. पंचवीस वर्षे एकमेकांच्या घरची विरजणे नेणारी ही माणसे. म्हणून आज बोलायला उभा राहिलो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. घराच्या बाहेरच्या रंगाचे मालक दोन असतात. त्या रंगामुळे घर तापते की थंड राहते, हे आत राहणाऱ्याला भोगावे लागते. आणि तो रंग दिसतो कोणाला? समोरच्याला, शेजाऱ्याला, गल्लीतून जाणाऱ्याला. आपण स्वतः आपल्या घराची बाहेरची भिंत दिवसातून दोनदा पाहतो, जाताना आणि येताना. समोरच्या काकू ती दिवसभर पाहतात. म्हणून काही गोष्टी ज्याच्या त्याने ठरवाव्यात आणि काही सगळ्यांनी मिळून. कोणत्या कोणी, एवढेच आज पाहू.

पहिला मुद्दा उन्हाचा. आपण खान्देशात राहतो. एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ऊन कोणत्या भिंतीवर किती पडते, याचा विचार आपण कमी करतो. शिरपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. जूनमध्ये तर तो दुपारी किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. याचा अर्थ असा की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही. सगळ्यात जास्त ऊन लागते गच्चीला आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिम भिंतींना. पूर्वेची भिंत सकाळी तापते, तेव्हा हवा तरी गार असते. पश्चिमेची भिंत तापते दुपारी तीननंतर, जेव्हा हवाही तापलेली असते. आपली शेवटची ओळ पूर्ण पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्या ओळीतल्या बहिणींना विचारा, मे महिन्यात संध्याकाळी पोळ्या करताना पाठीमागची भिंत कशी भाजते. नऊ इंची विटेची भिंत दुपारी घेतलेली उष्णता रात्री दहा-अकरापर्यंत आत सोडत राहते. त्यात वीज गेली की मग विचारायलाच नको.

आता रंगाचा हिशोब. ताजा पांढरा चुना किंवा चांगला पांढरा रंग उन्हाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग परत फेकतो. गडद राखाडी रंग बहुतेक सगळा पिऊन घेतो. विश्वास नसेल तर दुपारी दोन वाजता बाहेर उभी असलेली एक पांढरी आणि एक काळी गाडी घ्या, दोन्हींच्या टपावर हात ठेवा. काळीवर हात ठेवता येणार नाही. ग्रुपवरच्या चित्रातला राखाडी रंग थंड हवेच्या गावात शोभेल. आपल्या शेवटच्या ओळीवर तो दिला तर त्या आठ-दहा कुटुंबांना आपण पुढची कित्येक वर्षे तव्यावर बसवू. त्या ओळीत दोन घरी अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत आणि तीन घरी बोर्डाच्या परीक्षेला बसणारी मुले. ठराव मांडताना कोणाच्या मनात असे काही नव्हते, हे मला माहीत आहे. पण ठराव झाला की परिणाम व्हायचा तो होणारच.

गच्चीचेही तेच. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा चुना देण्याचे काम त्यात घेतले. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छपरांसाठी वेगळे धोरणच जाहीर केले. आपल्याला धोरण नको, एक रविवार पुरे. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून तिच्यावर चुन्याचे किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. खालून कोणाला दिसणारही नाही, म्हणजे त्यावर वाद व्हायलाही जागा नाही.

आता कोणी म्हणेल, सर जुन्याच गोष्टी सांगताहेत. हो, थोडे जुने सांगतोच. आपल्या वाडवडिलांची धाब्याची घरे आठवा. धाब्यावर खारी माती, भिंतींना चुना, खाली जोत्याला गेरूचा पट्टा. कानबाई बसायची असली की श्रावणात घर झाडून-सारवून रंगवायचे, आणि दिवाळीला पुन्हा हात फिरवायचा. ही नुसती हौस नव्हती. चुना म्हणजे कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा, डिंक घालायचा आणि मारायचा. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, भिंत श्वास घेते. पिवळसर हवा असेल तर पिवडी, निळसर हवा असेल तर चिमूटभर नीळ. आणि जोत्याला गेरू का? आपली माती काळी. पावसाचे थेंब जमिनीवर आपटले की दोन-अडीच फुटांपर्यंत चिखलाचे शिंतोडे उडतात. पांढऱ्या भिंतीची पहिल्याच पावसात रांगोळी होते. गेरूवर ते दिसत नाहीत. म्हणजे वर फिकट आणि खाली गडद, ही जी आपली जुनी रीत होती, ती आपल्या ऊन-पावसानेच ठरवून दिली होती.

चुन्याकडे परत चला असे मी म्हणत नाही. दर वर्षी रंगवायला आज कोणाकडे वेळ आहे? मग स्नोसेम आले, आता इमल्शन आहे. ते वापरा. फक्त रीत तीच ठेवा.

आता रंग टिकतो कसा, हे पाहू. आपल्या खान्देशाच्या वेशीवर अजिंठा आहे. इथले बहुतेक जण शाळेच्या सहलीला जाऊन आले आहेत. तिथली सगळ्यात अलीकडची चित्रेसुद्धा सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. तांबडा आणि पिवळा रंग गेरूमातीचा, काळा काजळीचा, हिरवा एका हिरव्या मातीचा. निळा तेवढा लाजवर्द, तो अफगाणिस्तानातून आला. बाकी बहुतेक रंग दगड-मातीतले. गुहेच्या सावलीत चित्रे टिकली हे खरे, पण मातीतल्या रंगांचा आणखी एक गुण आहे. गेरूत लोहाचा गंज असतो. जे आधीच गंजले आहे त्याला ऊन आणखी काय करणार? म्हणून तो उन्हात उडत नाही. ग्रिलला आपण जो रेड ऑक्साइड मारतो, तो गेरूचाच भाऊ.

आजच्या डब्यातही हाच नियम आहे. विटकरी, बदामी, मातकट पिवळा, करडा, हे रंग बहुधा अशा खनिज रंगद्रव्यांवर बनतात आणि टिकतात. भडक लाल, जांभळा, झगझगीत पिवळा आणि केशरी यांत बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. ती पहिल्यांदा उडतात, आणि तीही पश्चिमेच्या भिंतीवर. शिवाय गडद-भडक शेडला पैसेही बहुधा जास्त पडतात. म्हणजे चित्रातल्या केशरी पट्ट्या दोन-तीन उन्हाळ्यांत एका बाजूला फिक्या आणि दुसऱ्या बाजूला तशाच, अशा होण्याची शक्यता आहे. मग रौप्यमहोत्सवाची सोसायटी अर्धी धुतलेल्या साडीसारखी दिसेल.

आता सगळ्यांचा रंग एक असावा की नाही? जगात अशी उदाहरणे आहेत. जयपूर 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी गुलाबी झाले आणि आजतागायत त्याची ओळख तीच आहे. आपल्याच नाशिक जिल्ह्यात सुरगाणा तालुक्यातल्या भिंतघर या गावाने स्त्री-पुरुष समानतेची खूण म्हणून घरे गुलाबी रंगवली. एका विचाराने, आनंदाने केले तर एक रंग गावाला नाव देतो. पण जयपूरला आदेश देणारा महाराजा होता. आपल्याकडे महाराजा नाही, सर्वसाधारण सभा आहे. तिथे एका मताने हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपला शेजारीच असतो.

दुसरी रीत गोव्याची. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती कुठे पिवळ्या, कुठे निळ्या, कुठे तांबड्या. पण खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतींचे कोपरे पांढरे. म्हणून सबंध रस्ता एका हाताने काढल्यासारखा वाटतो आणि तरी प्रत्येक घर वेगळे ओळखू येते. मला ही रीत आपल्यासाठी बरी वाटते. आपल्याकडेही घराची ओळख रंगानेच सांगतात ना? नवीन रिक्षावाल्याला आपण काय सांगतो? "पोपटी घराच्या शेजारी." ते पोपटी घर उद्या राखाडी झाले तर पाहुणे फिरतच राहतील.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. ग्रुपवर एक-दोघांनी कोणता रंग कोणाचा, अशी वाटणी सुरू केली होती. कृपा करून ती नको. हिरवा कडुनिंबाचा आहे, केशरी पळसाचा आहे, निळा आभाळाचा आहे. आपल्या गल्लीत सगळ्या घरचे डबे सगळ्या घरी जातात. भिंतीवरून भांडण नको.

मग रंग निवडायचा कसा? पूर्वी सोपे होते. मोजके तयार रंग, दुकानात गट्टूचे चित्र. एशियन पेंट्सचा तो खट्याळ पोरगा, हातात ब्रश आणि डबा घेतलेला, 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला होता. आता दुकानात यंत्र आहे, हजारो शेड निघतात, आणि माणूस गोंधळतो. म्हणून चार गोष्टी सांगतो, बायाबापड्यांनी लक्षात ठेवाव्या.

एक. शेडकार्डावरून रंग ठरवू नका. बोटभर चौकोनात जो रंग फिका वाटतो, तोच वीस फुटी भिंतीवर गडद आणि उठावदार वाटतो. आवडला त्याहून एक पायरी फिका घ्या. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. काळ्याला शून्य, पांढऱ्याला शंभर. पश्चिमेच्या भिंतीसाठी साठच्या वरचा घ्या. शुद्ध पांढराच हवा असे नाही, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर मळतो. दुधी, मोतिया, फिकट बदामी, फिका पिस्ता चालेल.

दोन. लहान डबा आणून भिंतीवर तीन बाय तीन फुटांचा तुकडा रंगवा. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. सकाळी आठला, दुपारी दोनला आणि दिवे लागल्यावर पाहा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि समोरच्या घरातल्यांना बोलावून दाखवा. हा मान देण्याचा भाग नाही, त्यात शास्त्र आहे. समोरासमोर दहा-पंधरा फुटांवर घरे असली की तुमच्या भिंतीवर आदळलेले ऊन तुमचा रंग घेऊन समोरच्याच्या खोलीत शिरते. तुम्ही भडक गुलाबी लावला तर त्यांच्या हॉलमध्ये चेहरेही गुलाबी दिसतील.

तीन. रंगापेक्षा भिंत महत्त्वाची. भिंतीवर तळहात घासून पाहा. हाताला पीठ लागले तर जुना थर मेला आहे, तो खरवडल्याशिवाय नवा टिकणार नाही. लोणा लागला असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा, गच्चीच्या पन्हळीतून की बाथरूमच्या नळातून. ओलीवर रंग म्हणजे तापावर पावडर. नवीन प्लास्टर केले असेल तर 28 दिवस थांबा. मग प्रायमर, मग दोन हात. आणि हे काम दिवाळीनंतर ते होळीच्या आत करा. मे महिन्याच्या तापल्या भिंतीवर रंग बसायच्या आत सुकतो आणि पुढे पोपडे येतात.

चार. ठेकेदाराकडून लेखी घ्या. कंपनी, शेडचा नंबर, किती हात, प्रायमर धरून की सोडून. बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण 50 ते 60 चौरस फूट पुरतो. म्हणजे 1,200 चौरस फूट भिंतीला 20 ते 24 लिटर. याच्या निम्मेच डबे आले तर समजा, पाणी जास्त झाले. एका भिंतीचे सगळे डबे एकाच बॅचचे घ्या. आणि परांचीवर चढणाऱ्या पोरांना पट्टा आणि हेल्मेट आहे का ते पाहा. आपले घर सुंदर होताना कोणाच्या घरचा कर्ता माणूस पडायला नको.

ग्रिल आणि गेटबद्दल जपून. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची. तेव्हाच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असायचे. घरगुती रंगांत शिसे 90 पीपीएमच्या वर नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे गेटवरचे खालचे थर त्याच्या आधीचे आहेत. ते कोरडे घासून उडवू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, भुकटी गोळा करून टाका. त्या वेळी लहान मुले आणि गरोदर बायका जवळ नकोत. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. नवा डबा घेताना त्यावर शिसे नसल्याची नोंद पाहून घ्या.

आता रविवारच्या सभेसाठी माझी सूचना. एक ठराव मोडून दुसरा लादायचा नाही. तीन गोष्टी सगळ्यांनी मिळून कराव्यात. पहिली, सगळ्या गच्च्या पांढऱ्या. दुसरी, सगळ्या घरांचे जोते गेरूच्या विटकरी रंगाचे, जमिनीपासून अडीच फूट, आणि छज्जे व खिडक्यांच्या पट्ट्या दुधी पांढऱ्या. तिसरी, कंपाउंडची भिंत, मुख्य गेट, पाण्याची टाकी आणि हे सभागृह सोसायटीच्या खर्चाने त्याच दोन रंगांत. मधली भिंत ज्याची त्याची. पोपटी असो, आबोली असो, आकाशी असो, फक्त फिकी असावी. एवढ्यानेच रस्त्याच्या टोकाला उभे राहिले की आपली सोसायटी एक दिसेल.

आणि सुरुवात शेवटच्या ओळीपासून. ज्यांना सगळ्यात जास्त ऊन लागते त्यांच्या गच्च्या आणि पश्चिम भिंती आधी, याच हिवाळ्यात. रंग सोसायटीने एकत्र विकत घ्यावा, घाऊक घेतला की भाव कमी होतो. ज्यांची पेन्शनवर गुजराण आहे, ज्यांच्या घरी या वर्षी लग्न किंवा आजारपण आहे, त्यांच्यावर कसलीही सक्ती नको. त्यांचे घर पुढच्या वर्षी होईल. रौप्यमहोत्सव या वर्षी आहे म्हणून कोणी कर्ज काढून भिंत रंगवू नये. जोत्याचे गेरूचे काम तर आपली पोरे एका सुट्टीत करतील. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची परीक्षा दिलेली निदान डझनभर मुले मला इथून दिसताहेत. ब्रश माझ्याकडून.

अबोला धरलेल्या दोघा शेजाऱ्यांना हात जोडून विनंती. नमुन्याचे पहिले दोन तुकडे तुमच्या दोघांच्या भिंतींवर रंगवू. तुम्ही यांची भिंत पाहा, यांना तुमची पाहू द्या. दोन दिवस रोज पाहायचे म्हणजे रोज भेटणे आलेच, आणि चहाही आलाच. मग पाहुणा येऊन म्हणाला पाहिजे, "घर झकास दिखी राह्यनं भो!"

चेअरमन साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे आणि तिकडे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी तयार आहे.  एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जय हिंद, जय महाराष्ट्र, जय खान्देश!